दहा हजार रुपये कोणाच्या खिशातून?

सोलापुरात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका कच्च्या कैद्याला हातांत बेड्या घालून, दंडांना दोर बांधून पोलिसांनी भर रस्त्यातून चालवत नेले. कैद्याचे नाव रविकांत पाटील. त्याच्यावरचे आरोप गंभीर होते आणि पोलिसांचे म्हणणे होते, की तो पळून जाण्याची भीती होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. बेडी कधी घालावी, कधी घालू नये, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात स्पष्ट सांगून ठेवले होते. बेडी हा अपवाद आहे, आणि घालायचीच तर त्याचे कारण नोंदवले पाहिजे. उच्च न्यायालयाने तो निकष लावला, संविधानाच्या अनुच्छेद २१चा भंग झाला असे ठरवले आणि दहा हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही भरपाई संबंधित पोलीस निरीक्षकाने स्वतः द्यायची होती. शिवाय त्याच्या सेवाभिलेखात तशी नोंद करायची होती.

राज्य सरकार अपिलात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बेड्या घालून फिरवणे चुकीचे होते हा निष्कर्ष कायम ठेवला आणि दहा हजारांची रक्कमही कायम ठेवली. बदलला तो फक्त देणारा. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की निरीक्षक अधिकारी म्हणून वागला. त्याने मर्यादा ओलांडली असे गृहीत धरले, तरी त्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येणार नाही, तेव्हा पैसे सरकारने द्यावेत. अधिकाऱ्याचे म्हणणे न ऐकता त्याच्या सेवाभिलेखात नोंद करण्याचा आदेशही टिकला नाही. मात्र संबंधितांना आवश्यक वाटल्यास त्यांनी चौकशी करून पुढचे ठरवावे, अशी मोकळीक ठेवली गेली.

हा निकाल जेमतेम काही पानांचा आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘बेडी’ या मथळ्याखाली सापडतो आणि एखाद्या तळटीपेत संपतो. मी वकील नाही. मुलुंडला राहून, नोकरी सांभाळत, गेली वीसेक वर्षे न्यायनिर्णय वाचणारा माणूस आहे. वकील निकाल वाचतात ते आपल्या अशिलाच्या उपयोगाचे वाक्य शोधण्यासाठी. मला तशी घाई नसते, त्यामुळे निकालात काय लिहिले आहे याइतकेच कोणाचे नाव कुठे गळाले, हेही पाहता येते. राज्यघटनेने दिलेला हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याकडे कोर्टात खेचता येते का, या प्रश्नाचे खरे उत्तर मला सोलापूरच्या या दहा हजार रुपयांत दिसते. भरपाई मिळते, अधिकारी मात्र हिशेबातून बाहेर पडतो.

आधीची गोष्ट थोडक्यात. इंग्रजांच्या काळापासून सरकारवर दावा लावण्यात एक मोठी अडचण होती. सार्वभौम सत्ता वापरताना नोकराकडून झालेल्या अपकृत्याला सरकार जबाबदार नाही, हा तो नियम. स्वातंत्र्यानंतरही तो गेला नाही. १९६५चा कस्तुरीलाल खटला प्रसिद्ध आहे. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबलने लंपास केले आणि तो पाकिस्तानात पळाला. सोन्याच्या मालकाला सरकारकडून काहीच मिळाले नाही, कारण अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे! कायदा आयोगाने १९५६च्या आपल्या पहिल्याच अहवालात या विषयावर कायदा करा असे सुचवले होते. साठच्या दशकात विधेयके आली आणि बारगळली. हा कायदा आजतागायत झालेला नाही.

संसदेने जे केले नाही, ते न्यायालयाने बाजूच्या दाराने केले. बिहारच्या रुदुल साहला १९६८ साली निर्दोष सोडण्याचा आदेश झाला होता, तरी तो १९८२पर्यंत तुरुंगातच होता. चौदा वर्षे. १९८३मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने अनुच्छेद ३२खाली थेट पैसे देण्याचा आदेश दिला : आधी दिलेले पाच हजार आणि वर तीस हजार. त्यानंतर काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना १९८५मध्ये पन्नास हजार मिळाले. कोठडीत मुलगा गमावलेल्या ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांना १९९३मध्ये दीड लाख मिळाले, आणि त्या निकालाने सांगून टाकले, की मूलभूत हक्काच्या भंगापुढे सार्वभौमत्वाचे कवच चालणार नाही.

या निकालांचे आपल्याकडे फार कौतुक झाले आहे आणि ते योग्यच आहे. माझी तक्रार त्यांतल्या एका क्रियापदाबद्दल आहे. रुदुल साहच्या निकालात न्यायालय म्हणते, की अधिकाऱ्यांनी केलेले नुकसान सरकारने भरून द्यावे, सरकार त्या अधिकाऱ्यांकडे दाद मागू शकते. डी. के. बसू खटल्याच्या निकालात पुन्हा तेच : भरपाई सरकार देईल आणि चूक करणाऱ्याकडून ती परत घेण्याचा हक्क सरकारला राहील. म्हणजे ‘शकते’, ‘हक्क राहील’. सोलापूरच्या निकालात ‘आवश्यक वाटल्यास’. कोणाला आवश्यक वाटल्यास? ज्या सरकारने त्या निरीक्षकाची बाजू दिल्लीपर्यंत लढवली, त्याच सरकारला. आपल्याच माणसाविरुद्ध आपणच वसुली लावायची की नाही, हे ज्याच्या मर्जीवर सोडले, तो ती लावणार नाही, हे ओळखायला फार कायदा शिकावा लागत नाही.

आता यात एक गंमत आहे, आणि ती महाराष्ट्राच्याच खटल्यांतून दिसते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, याच्या कलम १६१ प्रमाणे पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. (सरकारची परवानगी असेल तर फौजदारी खटल्याला दोन वर्षे.) १९६६च्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या खटल्यात पोलिसांनी हेच कलम पुढे केले. संशयितांना कोंडून मारहाण केल्याचा आरोप होता आणि मुदत उलटून गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. तपास करणे हे कर्तव्य. कबुलीसाठी बदडणे हे कर्तव्य नव्हे, कर्तव्याच्या नावाखालीही नव्हे. मारहाण आणि वर्दी यांचा संबंध फक्त एवढाच, की मारणाऱ्याच्या अंगावर वर्दी होती.

हे १९६६ साल. पंचवीस वर्षांनी सोलापूरच्या प्रकरणात मात्र निरीक्षक ‘अधिकारी म्हणून वागला’ असे ठरते. दोन्ही निकालांचे तथ्य वेगळे आहे, हे मला मान्य आहे. कैद्याला कोर्टात नेणे हे पोलिसाचे काम आहेच, आणि बेडी त्या कामाच्या जवळ जाते. मारहाण तशी जात नाही. पण दोर बांधून रस्त्यातून मिरवणे? ते कोणत्या नियमावलीतले काम? पहिल्या निकालाची कसोटी दुसऱ्या प्रकरणाला लावून पाहिली असती, तर निरीक्षकाला सोडणे इतके सोपे गेले नसते. एकच वर्दी कधी अंगाला चिकटते आणि कधी गळून पडते, हे प्रश्न कोणता आहे त्यावर ठरत गेले. पैसे कोणी द्यायचे असा प्रश्न आला की कृत्य सरकारी होते.

मी राहतो त्या पूर्व उपनगरांत या सगळ्याचे काय झाले, ते पाहण्यासाठी घाटकोपरपर्यंतच जावे लागते.

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात ख्वाजा युनूस या सत्तावीस वर्षांच्या अभियंत्याला डिसेंबरच्या अखेरीस पोटा कायद्याखाली अटक झाली. तो मूळचा परभणीचा, दुबईत नोकरीला होता आणि सुट्टीवर आला होता. ६ जानेवारी २००३ नंतर त्याला कोणी पाहिले नाही. पोलिसांनी सांगितले, की त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना नगर जिल्ह्यात पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्याबरोबरच्या एका आरोपीने न्यायालयात सांगितले, की त्याला पट्ट्याने मारताना आणि रक्त ओकताना आपण पाहिले. घरच्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि त्या विभागाने कोठडीतल्या मृत्यूचा ठपका चौदा पोलिसांवर ठेवला.

इथे दुसरे दार लागते : सरकारी नोकरावर त्याच्या कामाच्या संदर्भात खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम १९७. चौदांपैकी परवानगी मिळाली ती चौघांपुरती. चौघांत सचिन वाझे होते. उरलेल्या दहांची नावे अहवालात राहिली. आत्माराम खटल्याची कसोटी इथेही आठवते. मारहाण हे कर्तव्यच नसेल, तर परवानगी कसली मागता? पण परवानगी मागितली गेली, ती चौघांपुरती मिळाली आणि पुढे सगळे त्याच चौकटीत चालले. दरम्यान २००५ मध्ये बसस्फोटाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. युनूस जिवंत असता तर तोही सुटला असता का, हे सांगता येत नाही. त्याचा खटला चाललाच नाही.

२०१२ मध्ये उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला वीस लाख रुपये भरपाई मंजूर केली. त्या काळातल्या कोठडी मृत्यूंच्या मानाने ही रक्कम मोठी होती आणि वर्तमानपत्रांत मथळे आकड्याचेच आले. वीस लाख राज्याच्या तिजोरीतून गेले. म्हणजे परभणीच्या त्या आईने आयुष्यभर मीठ-साबणावर भरलेला करही त्यात आलाच.

फौजदारी खटल्यात महत्त्वाच्या साक्षीदाराची साक्ष झाली ती २०१८ च्या सुमारास, म्हणजे घटनेला पंधरा वर्षे उलटल्यावर. त्या साक्षीच्या आधारे आणखी चार पोलिसांना आरोपी करावे, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी दिला. त्याच वर्षी त्यांना खटल्यावरून हटवण्यात आले. जून २०२० मध्ये वाझे पुन्हा पोलीस सेवेत आले. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच प्रकरणात अटक होऊन बडतर्फ झाले, ती कथा सर्वांना माहीत आहे. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे, की ज्या अधिकाऱ्यावर कोठडी मृत्यूचा खटला उभा आहे, त्याला सेवेत परत घेताना २०१२ च्या वीस लाखांचा प्रश्न कुठे आडवा आला नाही. येणार कसा? ते त्याच्या खात्यावर लिहिलेलेच नव्हते.

त्याच घाटकोपरात, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला, माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तिथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला. सत्र न्यायालयाने मे २००९ मध्ये कदम यांना दोषी धरून जन्मठेप दिली. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. बारा वर्षांनंतरचा निकाल काही दिवसांत थांबला. मृतांच्या कुटुंबांना मदत मिळाली, पण अशा मदतीला सरकारी भाषेत ‘सानुग्रह’ म्हणतात. हा शब्द मला नेहमी टोचतो. अनुग्रह म्हणजे कृपा. गोळी घालणाऱ्याच्या मालकाने केलेली कृपा. न्यायालयाने दिलेल्या भरपाईला हा शब्द लागत नाही, पण देणारा आणि देण्याची रीत तीच राहिली, तर घेणाऱ्याला फरक कितपत जाणवतो?

वाचक विचारतील, की रिट याचिकेच्या मागे कशाला लागायचे, सरळ दिवाणी दावा का नाही? अधिकाऱ्याचे नाव प्रतिवादी म्हणून घालावे आणि नुकसान मागावे. कायद्याने ते शक्य आहे. बोरिवली-अंधेरीच्या माणसाला त्यासाठी फोर्टलाही जावे लागत नाही, गोरेगावला दिंडोशीत नगर दिवाणी न्यायालय आहे. पण कागदावर काय लागते ते पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारला आणि अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस. पोलीस असेल तर वर सांगितलेली सहा महिन्यांची मुदत अंगावर येते. आपले प्रकरण ‘आत्माराम’च्या बाजूला पडते की ‘रविकांत पाटील’च्या, यावर आधी वर्षानुवर्षे वाद. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी. आणि ज्याच्याविरुद्ध दावा, त्याचाच सहकारी तुमच्या विभागातल्या ठाण्यात बसलेला. भांडुपचा फेरीवाला किंवा कुर्ल्याचा रिक्षावाला हे करील, असे समजणे हा पुस्तकी आशावाद आहे.

तरीही दिवाणी दाव्यात एक गोष्ट होती, जी रिटमध्ये हरवली. दाव्यात अधिकाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावे लागते आणि उलटतपासणी होते. रिट याचिका प्रतिज्ञापत्रांवर चालते. उत्तर सरकारच्या वतीने येते, अनेकदा अशा अधिकाऱ्याच्या सहीने, जो घटनेच्या वेळी त्या ठाण्यात नव्हताच. ‘अभिलेखावरून असे दिसते की’ या शब्दांनी त्याची वाक्ये सुरू होतात. ज्याने मारले, तो माणूस न्यायाधीशासमोर कधी उभाच राहत नाही. अमेरिकेत १८७१ च्या एका कायद्यान्वये अधिकाऱ्यावर त्याच्या नावाने दावा लावता येतो. तिथेही न्यायालयांनी अधिकाऱ्यांना भक्कम ढाली दिल्या आहेत आणि बहुतेक वेळा पैसे शेवटी शहराची तिजोरीच भरते, तेव्हा त्या पद्धतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण दाव्याच्या मथळ्यावर माणसाचे नाव असते, आणि त्याला शपथेवर प्रश्न विचारता येतात. पैशापेक्षा मला याचे मोल जास्त वाटते.

दुसरी बाजू कमकुवत नाही. ओळखीचे एक निवृत्त पोलीस अधिकारी मला म्हणाले, ‘‘साहेब सांगतात म्हणून हवालदार करतो. वसुली लावलीत तर साहेब सुटणार आणि हवालदाराचे घर विकले जाणार.’’ हे शंभर टक्के खरे आहे. कोठडी मृत्यूच्या खटल्यांत शिपाई आणि उपनिरीक्षक अडकतात, वरचे क्वचित. शिवाय व्यक्तिशः जबाबदारीची धास्ती इतकी वाढली, की कोणी फायलीवर सहीच करणार नाही, ही भीतीही अगदी खोटी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पीडिताच्या दृष्टीने सरकार हा चांगला देणेकरी आहे, कारण सरकार दिवाळखोरीत जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने सोलापूरच्या निरीक्षकाला वगळले त्यामागे यातला काही विचार असेलही. निकालात मात्र तो लिहिलेला नाही. तिथे नुसता निष्कर्ष आहे, आणि ज्या निष्कर्षाला कारण जोडलेले नसते, तो पुढच्या खटल्यांत नियमासारखा वापरला जातो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत काय झाले, तेही पाहू. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल माजी केंद्रीय मंत्री कॅप्टन सतीश शर्मा यांना व्यक्तिशः पन्नास लाख भरायला सांगितले. देशभर टाळ्या पडल्या. १९९९ मध्ये फेरविचारात तो आदेश रद्द झाला. कायद्याच्या बारकाव्यांत फेरविचाराचा निकाल कदाचित बरोबर असेल. पण एका टोकाला मंत्री सुटतो, दुसऱ्या टोकाला निरीक्षक सुटतो, आणि मधल्या सगळ्यांना दोन्ही निकाल उपलब्ध असतात.

जिथे अधिकारी खरोखर सुटले नाहीत, ते प्रकरण पश्चिम उपनगरातले आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचलले आणि संध्याकाळी अंधेरी पश्चिमेला वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ तो ‘चकमकीत’ मारला गेला. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने काही तासांत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले होते. चकमकीच्या आधीच्या वेळेचे ते शिक्के पोलिसांच्या कहाणीपेक्षा जुने निघाले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, एका महत्त्वाच्या साक्षीदाराची साक्षीआधीच हत्या झाली, आणि २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली. यातल्या अकरा जणांची शिक्षा सरकारने मध्येच स्थगित करून पाहिली. न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांच्या शिक्षा कायम केल्या आणि सत्र न्यायालयाने सोडलेल्या प्रदीप शर्मांनाही जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील आहे.

या खटल्याला लोक न्यायव्यवस्थेचा विजय म्हणतात. मी तो वाचतो तेव्हा मला एका वकिलाची अठरा वर्षे दिसतात. मृताचा भाऊ वकील नसता, त्याला तार कोणाला करायची हे ठाऊक नसते आणि पोस्टाच्या पावत्या त्याने जपून ठेवल्या नसत्या, तर वर्सोव्याची चकमक आजही चकमकच असती. युनूसचे घर परभणीत होते.

परभणीचे नाव पुन्हा आले ते डिसेंबर २०२४ मध्ये. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी तिथे न्यायालयीन कोठडीत मेला. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर उसळलेल्या आंदोलनात त्याला अटक झाली होती. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढ्या साध्या आदेशासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले आणि सरकार त्या आदेशाविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला.

अलीकडे वारा थोडा बदललेला दिसतो, पण फार चमत्कारिक जागी. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियम मोडून घर पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च अधिकाऱ्याकडून वसूल होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती ठेकेदार आणि जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले, आणि पैसे वेळेत दिले नाहीत तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरण्याचा इशारा दिला. विटा आणि डांबर यांच्या बाबतीत ‘शकते’चे ‘होईल’ झाले. खड्ड्यात पडून मेलेल्या माणसाच्या मागे अभियंता शोधला जातो, मग कोठडीत मेलेल्याच्या मागे ठाणे अंमलदार का शोधला जात नाही, याचे उत्तर मला कोणत्याही निकालात मिळालेले नाही. कायद्याच्या तर्काने पाहिले तर उलटे व्हायला हवे होते. रस्ता सर्वांचा असतो, खड्ड्याला अनेक धनी असतात. कोठडीच्या दाराची किल्ली मात्र त्या रात्री कोणाकडे होती, ते ठाण्याच्या नोंदवहीतच लिहिलेले असते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये परवानगीचा निर्णय एकशेवीस दिवसांत झाला नाही, तर ती मिळाली असे समजण्याची तरतूद आहे. ही सुधारणा खरी आहे. पण ती दिरंगाईवरचा इलाज आहे. चौदांतल्या दहांना वेळेत नकार दिला, तर ती काही करू शकत नाही.

न्यायालयांनी आदेश दिलेली भरपाई भरल्यावर अधिकाऱ्यांकडून किती वसूल झाली, हे मी एका सरकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारले होते. मागणी साधी होती : दहा वर्षांत सरकारने दिलेली रक्कम, आणि त्यांपैकी वसूल झालेली रक्कम. उत्तर आले, की अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही. अपिलात गेलो तेव्हा सुनावणी घेणारे अधिकारी सभ्यपणे म्हणाले, ‘‘काका, पैसे दिल्याची नोंद लेखाशीर्षात असते. वसुलीला वेगळा रकानाच नाही.’’ मला त्यांचा राग आला नाही. ते खरेच सांगत होते.

हा रकाना उघडायला नवा कायदा लागत नाही. भरपाई सरकारने ताबडतोब द्यावी, हे ठीकच आहे. आईने हवालदाराच्या पगाराची वाट का पाहावी? पण त्याच आदेशात न्यायालय आणखी दोन ओळी घालू शकते : रक्कम दिल्यापासून सहा महिन्यांत, संबंधितांचे म्हणणे ऐकून आणि हुकूम देणाऱ्या वरिष्ठांना न वगळता, जबाबदारी ठरवावी, आणि वसूल काय केले, नाही केले तर का नाही, याचा अहवाल याच न्यायालयात दाखल करावा. सोलापूरच्या निरीक्षकाला सुनावणी मिळाली नव्हती, हा सर्वोच्च न्यायालयाचा आक्षेप योग्य होता आणि तो या दोन ओळींनी दूर होतो. उच्च न्यायालयाने १९९० च्या आसपास निरीक्षकाकडे मागितलेले दहा हजार तेव्हाच्या त्याच्या काही महिन्यांच्या पगाराएवढे असतील. ती चौकशी ‘आवश्यक वाटल्यास’ व्हायची होती.